गोष्टीतल्या भेगा आणि प्रेक्षकांचे लिंपण



गोष्ट सांगणाऱ्याला सर्वांत जास्त धास्ती कुणाची वाटत असेल, तर ती ऐकायला बसलेल्या एखाद्या लहान मुलाची. मोठी माणसे माना डोलावतात, हुंकार देतात. मूल मात्र मध्येच विचारते, "पण मग असं कसं?" राक्षसाचा जीव जर पोपटात होता, तर त्याने तो पोपट सात समुद्रांपलीकडे कशाला ठेवला? स्वतःच्या नजरेसमोर का नाही ठेवला? सांगणारा अडखळतो. आता त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. "गप्प बैस, गोष्टीत असंच असतं," म्हणून मुलाला दटावायचे, ही एक. "खरंच की! याचं उत्तर काय बरं असेल?" असे म्हणून त्यालाच विचार करायला लावायचे, ही दुसरी.

आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या वाटेने गेलेल्या लोकांविषयी. हे लोक अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चित्रपटाचे चाहते. चित्रपटाचे नाव 'बॅक टू द फ्यूचर', म्हणजे 'परत भविष्याकडे'. त्यातली मोटार माणसाला मागच्या काळात घेऊन जाते. मागच्या काळात जाऊन काही बदलले की पुढचे सगळे हिशेब बिघडतात आणि गोष्टीला भेगा पडतात. या भेगा प्रेक्षकांनी शोधल्या आणि आपापल्या परीने लिंपूनही काढल्या. तुम्ही म्हणाल, करमणुकीच्या चित्रपटाची एवढी चिकित्सा कशाला? पण पुराव्यावरून अनुमान कसे काढावे आणि अनुमान कुठे थांबवावे, याचा हा एक छान पाठ आहे. इतिहास शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला तो उपयोगी पडावा.

आधी हे सांगितले पाहिजे, की ही खोड काही चित्रपटापासून सुरू झालेली नाही. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर पुष्कळांना माहीत असेल. त्याचा सोबती डॉक्टर वॉटसन अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला. ही लढाई खरोखरीच १८८० साली झाली आणि तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. आता गंमत पहा. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी लागली ती खांद्याला. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत जखम निघाली ती पायाला! लेखक कॉनन डॉइल विसरला, एवढे म्हणून विषय संपला असता. पण वाचक तसे सोडतात थोडेच? कुणी म्हणाले, गोळ्या दोन लागल्या होत्या. कुणी म्हणाले, वॉटसन जखमी शिपायावर ओणवा झाला असताना एकच गोळी खांद्यातून निघून पायात शिरली. १९११ साली ऑक्सफर्डच्या रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. पंडित लोक धर्मग्रंथांची जशी चिकित्सा करतात, तशी गंभीर चेहऱ्याने त्याने या कथांची केली. हेतू थट्टेचा होता. पण त्या थट्टेतून एक खेळच रूढ झाला. खेळाचा नियम एकच: गोष्टीत लिहिलेले सगळे खरे घडले असे धरून चालायचे, आणि दोन ठिकाणच्या मजकुरात विरोध दिसला तर लेखकाची चूक न म्हणता मेळ घालून दाखवायचा.

पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मार्व्हल या चित्रकथा छापणाऱ्या संस्थेने या खेळाला बक्षीसही ठेवले. अंकात चूक सापडली की वाचक पत्र लिहीत. पुढे पुढे तर चूक दाखवून ती चूक का नव्हे हेही पटवून देणाऱ्याला बक्षीस मिळू लागले. ते घरी पोस्टाने यायचे. पाकीट उघडावे तर आत काहीच नाही! वर लिहिलेले असायचे, की तुम्हाला मिळालेले 'नसलेले बक्षीस' या पाकिटात आहे. तरी लोक ते जपून ठेवीत. पैशासाठी हे कुणी करीत नव्हतेच, बरं का! आपण गोष्ट लक्ष देऊन वाचली, याची ती पावती होती.

आता आपल्या चित्रपटाकडे वळू. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

ही कल्पना सुचली १९८० साली. बॉब गेल हे लेखक आपल्या आईवडिलांच्या घरी गेले असताना त्यांच्या हाती वडिलांच्या शाळेचे जुने वार्षिक पुस्तक लागले. वडील आपल्या वर्गाचे अध्यक्ष होते, हे त्यांना तेव्हा कळले. मनात आले, 'मी यांच्या वर्गात असतो, तर आमची दोस्ती झाली असती का?' या एका प्रश्नातून गेल आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी कथा रचली. चित्रपट जुलै १९८५ मध्ये लागला आणि अफाट चालला. दुसरा भाग १९८९ साली आणि तिसरा १९९० साली आला. अमेरिकेत जतन करण्याजोग्या चित्रपटांची एक राष्ट्रीय नोंद ठेवतात. २००७ साली पहिल्या भागाचे नाव त्या नोंदीत गेले.

मार्टी हा सतरा वर्षांचा मुलगा. वडील जॉर्ज भित्रे, बिफ नावाच्या दांडग्या माणसापुढे नेहमी वाकणारे. आई लॉरेन खंतावलेली. मार्टीचा मित्र कोण, तर डॉक ब्राउन नावाचा म्हातारा, विक्षिप्त शास्त्रज्ञ. त्याने एका मोटारीचे कालयंत्र केलेले. ताशी ८८ मैल, म्हणजे सुमारे १४२ किलोमीटर वेग गाठला की मोटार ठरवलेल्या तारखेला जाऊन पोचते. १९८५ च्या ऑक्टोबरातल्या २६ तारखेला, मध्यरात्रीनंतर, एका बाजाराच्या मोटारतळावर डॉक हे यंत्र मार्टीला दाखवतो. बाजाराचे नाव 'ट्विन पाइन्स', म्हणजे 'दोन पाइन'. पाइन हे आपल्या हिमालयातल्या चीडच्या जातीचे झाड. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इतक्यात मारेकरी येतात आणि डॉकला गोळ्या घालतात. जीव वाचवायला मार्टी मोटारीत बसतो, आणि पोचतो तो ५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी. त्याचे आईवडील तेव्हा शाळेत आहेत.

तिथे घोळ होतो. जॉर्ज मोटारीखाली येणार, लॉरेनला त्याची दया येणार आणि त्यातून पुढे लग्न व्हायचे, असा मूळ क्रम. मार्टी मध्ये पडतो, धक्का त्यालाच लागतो, आणि आईचे मन बसते ते स्वतःच्या होणाऱ्या मुलावर! आता या दोघांचे जमले नाही तर मार्टी जन्मालाच यायचा नाही. त्याच्या खिशातल्या भावंडांच्या फोटोतून आधी थोरला भाऊ पुसत जातो, मग बहीण. शेवटी जॉर्ज धीर धरून बिफला ठोसा लगावतो आणि लॉरेनचे मन जिंकतो. १२ नोव्हेंबरच्या रात्री १० वाजून ४ मिनिटांनी घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडते. तिच्या शक्तीवर मार्टी १९८५ मध्ये परत येतो. पाहतो तर वडील आता ताठ मानेचे लेखक आणि आई हसतमुख. डॉकही जिवंत! मार्टीने १९५५ मध्ये त्याला सावधगिरीची चिठ्ठी दिली होती, म्हणून तो गोळी अडवणारे चिलखत घालूनच आला होता.

कथा ऐकता ऐकता तुमच्या मनातही 'मग असं कसं' आले असेल. पहिली भेग हीच की, जॉर्ज आणि लॉरेन यांनी ज्या मुलामुळे आपले लग्न झाले त्याचा चेहरा पाहिलेला आहे. मग स्वतःचा मुलगा सतरा वर्षांचा झाल्यावर हुबेहूब तसा दिसतो, हे त्यांच्या लक्षात कसे येत नाही?

यावर चाहत्यांचे दोन पक्ष. पहिला म्हणतो, जॉर्जला सगळे ठाऊक आहे. तो पुढे विज्ञानकथांचा लेखक होतो. तरुणपणी मार्टी परग्रहावरच्या माणसाचे सोंग घेऊन रात्री त्याच्या खोलीत शिरला होता, आणि त्याचे पुस्तक निघते ते नेमके अंतराळात जुळलेल्या जोडीवर. म्हणजे त्याला उलगडा झाला होता, पण तो मूग गिळून बसला. दुसरा पक्ष म्हणतो, छे! माणसाची स्मरणशक्ती तेवढी नसते. या वादात २०२० साली खुद्द बॉब गेल यांनी तोंड घातले. त्यांचे म्हणणे असे की, जॉर्ज-लॉरेनची त्या मुलाशी ओळख अवघी काही दिवसांची होती. शाळेत थोडे दिवस येऊन गेलेल्या एखाद्या मुलाचा चेहरा पंचवीस-तीस वर्षांनंतर, जवळ फोटो नसताना, तुम्हाला किती आठवतो, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावे.

तुम्हीही विचारून पहा. नाव आठवेल, एखादी खोडी आठवेल, पण चेहरा? तो धुक्यातला. शिवाय मुलाचा चेहरा आईबापांसमोर रोज तीळतीळ वाढत असतो. रोज पाहिलेल्या चेहऱ्यात परका चेहरा शोधायला कोण जातो? मला हे लिंपण पक्के वाटते. त्यासाठी गोष्टीबाहेरची एकही वस्तू आणावी लागत नाही, माणसाच्या स्वभावावरच ते उभे आहे.

दुसरी भेग अधिक खोल आहे. १९५५ मध्ये पोचताच मार्टीच्या मोटारीखाली एका शेतकऱ्याचे पाइनचे रोपटे येते. त्याच शेतावर पुढे बाजार बांधला जातो. मार्टी परत येतो तेव्हा बाजाराची पाटी बदललेली असते: 'लोन पाइन', एकुलते पाइन. चित्रपटात यावर कुणी अवाक्षर बोलत नाही. नुसती पाटी दिसते. ज्याचे लक्ष असेल त्याने ओळखावे, की इतिहास बदलला.

पण नीट पहा. परतताना मार्टी डॉकला वाचवण्यासाठी निघाल्याच्या वेळेपेक्षा दहा मिनिटे आधीची वेळ लावून येतो. त्यामुळे त्या 'लोन पाइन' बाजारात त्याला स्वतःसारखाच दुसरा मार्टी दिसतो. तो मोटारीत बसून भूतकाळाकडे निघून जातो. हा दुसरा मार्टी कोण? तो तर सुधारलेल्या घरात वाढलेला. त्याचे वडील भित्रे नव्हते, आई खंतावलेली नव्हती. तो १९५५ मध्ये जाऊन पहिल्यासारखेच सगळे करील कशावरून? आणि न करील, तर पुढची साखळी तुटते!

चाहत्यांनी या दुसऱ्या मुलाची अतोनात काळजी केली आहे. एक म्हणतो, त्यानेही सगळे तसेच केले आणि तो वर्तुळात फिरतो आहे. दुसरा म्हणतो, डॉकला तीस वर्षे सगळे माहीत होते, त्याने मुलाला नकळत तसे घडवले. तिसरा म्हणतो, प्रत्येक फेरीला इतिहासाला नवी फांदी फुटते आणि हा मुलगा आपल्या वेगळ्याच फांदीवर गेला.

वर्तुळाच्या मताला एक अडचण आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९७६ साली कालप्रवासावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साधा होता: एक दिवस एकदाच घडतो. कुणी त्या दिवसात मागाहून गेला असेल, तर तो त्या दिवशी आधीपासून तिथे होताच. आधी एकदा त्याच्याविना आणि मग एकदा त्याच्यासह, असा तोच दिवस दोनदा घडत नाही. हा नियम लावला तर बाजाराचे नाव पहिल्यापासून 'लोन पाइन'च असायला हवे. पण चित्रपट तर 'ट्विन पाइन्स'पासून सुरू होतो. म्हणजे लुइस यांचे शिस्तशीर जग या चित्रपटाचे नव्हे. इथे इतिहास खरोखर बदलतो. एका पाटीवरच्या शब्दाने एवढ्या मोठ्या वादाचा निकाल लागतो, ही मला या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

तिसरी भेग दुसऱ्या भागातली. मार्टी आणि डॉक २०१५ सालात गेले आहेत. तिथे म्हातारा बिफ त्यांची मोटार चोरतो, १९५५ मध्ये जाऊन तरुण बिफला खेळांच्या पन्नास वर्षांच्या निकालांचे पुस्तक देतो आणि गुपचूप परत येतो. मार्टी आणि डॉक १९८५ ला आले, तर गावाची दुर्दशा झालेली! पैजा जिंकून बिफ गावाचा धनी झाला आहे आणि जॉर्जचा खून झाला आहे. मग डॉक फळ्यावर खडूने रेघ ओढून समजावतो, की १९५५ पाशी इतिहासाला वेगळा फाटा फुटला. आता इथून भविष्यात गेलो तर याच फाट्याचे भविष्य लागेल, आपले मूळचे २०१५ सापडायचे नाही.

शिक्षकबंधूंनो, फळ्यावरची ही रेघ पाहताच हुशार विद्यार्थ्याने हात वर केला पाहिजे. "सर, मग म्हातारा बिफ पुस्तक देऊन मूळच्या २०१५ मध्ये कसा परत आला? त्यालाही फाट्याचंच भविष्य लागायला हवं होतं!" बिनतोड प्रश्न आहे.

चाहत्यांचे उत्तर असे. बदल एकदम होत नाही. तळ्यात दगड टाकला की लाटा काठापर्यंत पोचायला वेळ लागतो, तसा बदल काळातून हळूहळू पुढे सरकतो. याला पुरावा काय? पहिल्या भागातला फोटो! भावंडे त्यातून एका क्षणात नाहीशी झाली नाहीत, आठवडाभर एकेक करून पुसट होत गेली. म्हणजे लाट पोचण्याआधीच बिफ परतला. चित्रपटात आणखी एक खूण आहे. परत आल्यावर म्हातारा मोटारीतून उतरताना छाती धरून कळवळतो. का, ते चित्रपट सांगत नाही. पण गाळलेल्या भागात एक दृश्य होते आणि पुढे ते लोकांना पाहायला मिळाले. त्यात म्हातारा हळूहळू विरून जातो. निर्मात्यांचे स्पष्टीकरण असे, की बदललेल्या इतिहासात तो २०१५ पर्यंत जगलेलाच नव्हता. लाट त्याच्यापर्यंत पोचली आणि तो पुसला गेला.

फाट्याची कल्पना मराठी वाचकाला अगदीच नवी नाही. डॉ. जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवते ना? तिच्यातले इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांची गोळी हुकली आणि मराठे जिंकले. ती कथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ होता. अनेक जगांची कल्पना अमेरिकेतल्या ह्यू एव्हरेट या तरुण शास्त्रज्ञाने १९५७ साली अणूच्या जगातले कोडे सोडवण्यासाठी मांडली होती. १९९१ साली डेव्हिड डॉइच या शास्त्रज्ञाने कालप्रवासाच्या पेचाला तीच कल्पना लावून पाहिली. तेव्हा चाहत्यांची 'फांदी' वाऱ्यावरची नव्हे. मात्र खरी जगे अशी असतात, हे सिद्ध झालेले नाही. आणि फांदीचे मत इथे पुरते बसतही नाही. फांद्या वेगळ्या असत्या, तर मार्टीच्या खिशातला फोटो पुसला कशाला गेला असता?

चौथी भेग शेतकरी बांधवांना लगेच समजेल, कारण ती इंजिनाची आहे. तिसऱ्या भागात विजेच्या तडाख्याने डॉक १८८५ सालात जाऊन अडकतो. मोटार बिघडलेली, दुरुस्तीचे भाग त्या काळात मिळणार नाहीत. म्हणून तो ती एका ओसाड खाणीत लपवतो, की सत्तर वर्षांनी १९५५ मध्ये मार्टीने ती काढावी. तसे होते. पण डॉकला सात सप्टेंबर १८८५ रोजी गोळी घालून मारले, असे मार्टीला थडग्यावर वाचायला मिळते. मग तीच मोटार दुरुस्त करून मार्टी त्याला वाचवायला १८८५ मध्ये जातो. तिथे तिची पेट्रोलची नळी फाटते आणि पेट्रोल सांडून जाते. १८८५ मध्ये पेट्रोल कुठले? दारू घालून पाहतात, तर इंजिनाचा एक भाग उडतो. शेवटी आगगाडीच्या इंजिनाने मोटार ढकलायची, असा धाडसी बेत ठरतो.

प्रेक्षक विचारतात, अहो, पण खाणीत दुसरी मोटार आहे ना? म्हणजे तीच, तरुणपणची! तिच्यातले पेट्रोल आणि तो भाग काढून घ्या, झाले!

इंजिनाशी ज्यांचा हात लागला आहे, असे चाहते पहिले उत्तर देतात. विहिरीवरचे इंजिन चार महिने बंद ठेवायचे, तरी जाणता माणूस टाकीतले तेल काढून ठेवतो. सत्तर वर्षांसाठी मोटार पुरणारा शास्त्रज्ञ पेट्रोल आत ठेवून ती पुरील काय? दुसरे उत्तर त्याहून पक्के. त्या मोटारीचा भाग काढून घेतला, तर १९५५ मध्ये मार्टीला मोटार सापडेल ती त्या भागाविना. मग ती १८८५ ला येईल कशी? ज्या फांदीवर बसलो आहोत तीच तोडायची, असा तो प्रकार होईल. डॉकला हे कळते, म्हणून तो त्या खाणीकडे फिरकत नाही. चित्रपटात हे कुणी बोलून दाखवत नाही. पण डॉकचा स्वभाव, इंजिनाची रीत आणि गोष्टीची गरज, तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात.

अशा चार भेगा आणि त्यांची लिंपणे आपण पाहिली. आता जरा धान्य पाखडतो तसे हे पाखडून घेऊ. चित्रपटात डोळ्यांनी दिसते ते पहिल्या सुपात घाला: बदललेली पाटी, पुसट होणारा फोटो, छाती धरणारा म्हातारा. दुसऱ्या सुपात निर्मात्यांनी मागाहून सांगितलेले: गेल यांचा खुलासा, गाळलेले दृश्य. तिसऱ्यात प्रेक्षकांची अनुमाने: जॉर्जला सगळे ठाऊक होते, डॉकने दुसऱ्या मुलाला घडवले, टाकीतले पेट्रोल काढले होते. पहिल्या सुपातले निर्विवाद. दुसऱ्यातले वजनदार, पण निर्माताही मागाहून बोलतो, आणि आपल्या कृतीची बाजू सावरून घ्यायचा मोह कुणालाही होतो. तिसऱ्यातले कितीही चतुर असले तरी ते अनुमानच.

अनुमानातही डावे-उजवे असतेच. लिंपण गोष्टीतल्याच मातीचे असावे. एक भेग बुजवताना दुसरी पडू नये. आणि पात्राचा स्वभाव मोडू नये. 'जॉर्जला सगळे ठाऊक होते' हे मत पहिल्या कसोटीला उतरते, कारण त्याचे पुस्तक गोष्टीत आहे. पण ते नवी भेग पाडते: एवढे ठाऊक असलेला बाप, मुलगा त्या रात्री संकटात जाणार हे जाणून, शांत झोपतो कसा? डॉकने मुलाला घडवले, हे मत तर स्वभावावरच घसरते. माणसांना बाहुल्यांसारखे नाचवणारा डॉक चित्रपटात कुठेच दिसत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गोष्टीतली भेग आपण बुजवली आणि ती चुकीची बुजवली, तर कुणाचे काही बिघडत नाही. मार्टी खरा नाही, त्याचे गावही नकाशावर नाही. इतिहासाचे तसे नाही. इतिहासातही भेगा असतात. कागद जळालेले असतात, एक बखर एक सांगते, दुसरी दुसरे. मनाला ती पोकळी सहन होत नाही, आणि आपण नकळत तिसऱ्या सुपातले पहिल्यात ओततो. 'असे झाले असावे' म्हणता म्हणता 'असेच झाले' म्हणू लागतो. पुढची पिढी ते पाठ करते, आणि मग त्यावरून भांडणेही होतात.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचेच पहा ना. बखरींच्या आधाराने १६२७ हे साल पुष्कळ वर्षे धरले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे अभ्यासकांनी इतर साधनांशी ती ताडून पाहिली. वाद पुष्कळ झाला, पण जो काही निकाल लागला तो कागद तपासून लागला. कुणाची कल्पना अधिक सुंदर, यावर लागला नाही. चित्रपटाची भेग बुद्धीने बुजवता येते. इतिहासाची भेग पुराव्यानेच बुजते, आणि पुरावा मिळेपर्यंत ती उघडी ठेवण्याचे धैर्य लागते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. एखादी गोष्ट, मग ती पुस्तकातली असो वा चित्रपटातली, वर्गात सांगा आणि मुलांना तिच्यातल्या भेगा शोधू द्या. फळ्यावर तीन रकाने आखा: गोष्टीत काय आहे, सांगणारा काय म्हणतो, आपण काय समजतो. प्रत्येक उत्तर योग्य रकान्यात लिहायला लावा. एखादे उत्तर तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात सरकू लागले, की वर्गालाच ओरडू द्या, "पुरावा कुठाय?" मुलांना खेळाची मौज येईल. मग इतिहासाचा तास आला की तोच फळा, तेच तीन रकाने. फरक एकच सांगा. खेळात तिसरा रकाना भरला की शाबासकी. इतिहासात मात्र पहिला रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच ठेवायचा, आणि 'माहीत नाही' हे उत्तर मान खाली न घालता द्यायचे.

आणि घरी रात्री गोष्ट सांगताना एखादे पोर मध्येच विचारील, "पण मग असं कसं?" तेव्हा त्याला दटावू नका. त्याने गोष्ट खरोखर ऐकली आहे, म्हणून तर त्याला भेग दिसली.